लहान स्वयंपाकघरात आयलंड नको, टेबल हवे

स्वयंपाकघराच्या मधोमध जमिनीला पक्का बसवलेला, चारही बाजूंनी मोकळा ओटा म्हणजे किचन आयलंड. साधारण चार फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच. वर ग्रॅनाइट, खाली ट्रॉल्या आणि एका अंगाला दोन उंच स्टुले, असे त्याचे रूप असते. मोठ्या बंगल्यांतला हा प्रकार आता पुण्या-मुंबईच्या, ठाण्या-नाशिकच्या टू बीएचके फ्लॅटमध्ये उतरला आहे, आणि ऐंशी चौरस फुटांच्या स्वयंपाकघरातही तो बसवून देऊ म्हणणारे इंटिरियरवाले भेटतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आयलंड केले की जेवणाचे टेबल वेगळे लागत नाही, कामाला जास्तीची जागा मिळते, खाली सामान मावते, आणि स्वयंपाक करणाऱ्या माणसाला भिंतीकडे तोंड करून एकटे उभे राहावे लागत नाही. टेबल मात्र जागा अडवते आणि जुनाट दिसते.

शंभर चौरस फुटांपेक्षा लहान स्वयंपाकघराचा विचार केला, तर यांतला एकही मुद्दा टिकत नाही. तेथे आयलंड जागा खाते, हालचाल अडवते आणि चुकीच्या उंचीवर काम करायला लावते. ज्या गरजा भागवण्याचे आश्वासन ते देते, त्या सगळ्या दोन फूट बाय तीन फुटांचे साधे टेबल अधिक चांगल्या भागवते. शिवाय ओटा आणि आयलंड दोघांनाही न जमणारी एक गोष्ट टेबल करते: ते काम करणाऱ्याला बसू देते. या वादातला मुख्य मुद्दा हाच आहे. पण तिथे पोचण्याआधी मापे पाहावी लागतात, कारण आयलंडची बाजू मांडताना सहसा सगळ्यात आधी मापेच गाळली जातात.

आयलंडचे क्षेत्रफळ आठ चौरस फूट, म्हणून ते आठ चौरस फूट जागा घेते, हा हिशेब फसवा आहे. आयलंडला चारही बाजूंनी वाट लागते. अमेरिकेतल्या स्वयंपाकघर-रचनाकारांच्या राष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक मापे जगभर वापरली जातात. त्यांनुसार एकच माणूस काम करत असेल तर ओटा आणि आयलंड यांच्यामध्ये 42 इंच, म्हणजे साडेतीन फूट, मोकळे हवेत. दोघे काम करणार असतील तर 48 इंच. नुसत्या येण्याजाण्याच्या वाटेला 36 इंच. आता बेरीज करावी. भिंतीलगतचा ओटा दोन फूट, कामाची वाट साडेतीन फूट, आयलंड दोन फूट, पलीकडची वाट तीन फूट: खोलीची रुंदी झाली साडेदहा फूट. लांबीच्या दिशेने आयलंडचे चार फूट आणि दोन्ही टोकांना तीन-तीन फूट: दहा फूट. म्हणजे एकाच भिंतीला ओटा असलेल्या, स्टुलांशिवायच्या, अगदी काटकसरीच्या आयलंडलाही 105 चौरस फुटांची खोली लागते. ओटा एल आकाराचा असेल तर लांबीत आणखी अडीच फुटांची भर पडते.

स्टुले हवी असतील, आणि टेबलाला पर्याय म्हणून आयलंड सुचवणाऱ्यांना ती हवीच असतात, तर हिशेब आणखी बिघडतो. तीन फूट उंचीच्या ओट्याशी बसायचे तर गुडघ्यांसाठी 15 इंच पोकळी लागते, म्हणजे वरचा दगड तेवढा पुढे काढावा लागतो. दोन फुटांचे आयलंड सव्वातीन फुटांचे होते आणि खोलीची रुंदी पावणेबारा फुटांवर जाते. एवढे करून स्टुलावर माणूस बसला की मागची तीन फुटांची वाट बंदच होते, कारण बसलेल्या माणसालाच काठापासून 32 इंच लागतात.

आता महाराष्ट्रातल्या शहरी घरांकडे पाहावे. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान 5 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 54 चौरस फूट, आणि किमान 1.8 मीटर रुंद असावे असे म्हटले आहे. स्वयंपाकघरातच जेवायचे असेल तर किमान 7.5 चौरस मीटर आणि 2.1 मीटर रुंदी. 7.5 चौरस मीटर म्हणजे सुमारे 81 चौरस फूट. आठ बाय दहाचे स्वयंपाकघर याच्या आसपास येते, आणि वन बीएचके-टू बीएचकेत हेच किंवा याहून लहान माप भेटते. झोपडपट्टी पुनर्वसनात अख्खे घरच 300 चौरस फुटांचे असते. बीडीडी चाळीतले जुने बिऱ्हाड 160 चौरस फुटांत राहत आले. संहितेतल्या दुसऱ्या आकड्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. एक्क्याऐंशी चौरस फुटांत रांधणे आणि जेवणे दोन्ही होऊ शकते असे ती गृहीत धरते. सात फूट रुंदीच्या खोलीत ते भिंतीशी लावलेल्या टेबलानेच शक्य आहे. आयलंडला साडेदहा फूट रुंदी हवी.

यावर उत्तर येते की वाटा थोड्या अरुंद केल्या तर चालते; साडेतीनऐवजी अडीच फूट ठेवावेत. अडीच फुटांत काय होते ते सांगायला हवे. ओट्याखालची ट्रॉली पूर्ण ओढली की दीड फुटाहून अधिक बाहेर येते. उरलेल्या फूटभर जागेत उभे राहून खालच्या ट्रॉलीतला कुकर काढायला वाकता येत नाही. फ्रिजचे दार उघडले की वाट बंद. तव्यावर पोळी असताना मागून मूल पळत गेले किंवा कढईतले तेल तापलेले असताना कुणी पाण्याचा तांब्या भरायला शिरले, तर धक्का लागतो. उकळते तेल आणि फूटभर वाट यांची गाठ घालणारी रचना सुंदर दिसत असली तरी तिला चांगली रचना म्हणता येणार नाही. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात घरबांधणीचा अभ्यास करणाऱ्यांनी शेगडी, सिंक आणि फ्रिज यांना जोडणाऱ्या त्रिकोणाचा नियम रूढ केला: प्रत्येक बाजू चार ते नऊ फुटांची, तिन्ही मिळून 13 ते 26 फूट, आणि मध्ये अडथळा नको. लहान खोलीच्या मधोमध ठेवलेला ठोकळा या त्रिकोणात येतोच येतो. मग सिंकपासून फ्रिजपर्यंत प्रत्येक खेपेला वळसा घालावा लागतो, रोज, वर्षानुवर्षे.

त्याच आठ बाय दहाच्या खोलीत टेबल कसे बसते? दहा फुटी भिंतीला दोन फूट रुंदीचा ओटा. समोरच्या भिंतीला दोन बाय तीनचे टेबल, लांब बाजू भिंतीला चिकटवून. मध्ये चार फूट मोकळे राहतात, म्हणजे कामाच्या वाटेपेक्षा सहा इंच जास्तच. खुर्च्या टेबलाच्या दोन्ही टोकांना, भिंतीला समांतर ओढायच्या. तीन फूट टेबल आणि दोन खुर्च्यांचे मिळून आठ-साडेआठ फूट होतात. याचा फायदा असा की दोघे जेवत असतानाही ओट्यासमोरची चार फुटांची पट्टी मोकळी राहते, आणि तव्यावरची पोळी थेट ताटात वाढता येते. मराठी घरांत जेवण बहुधा असेच होते: एकजण पोळ्या करत असतो आणि बाकीचे गरम गरम जेवत असतात. तिसरे माणूस आले तर टेबल दीड फूट पुढे ओढायचे. पाहुणे आले तर टेबल उचलून हॉलमध्ये न्यायचे. आयलंडला यांतले काहीच करता येत नाही.

आयलंड ही कल्पना आली कुठून हे पाहिले की तिची मर्यादाही कळते. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या घरांच्या जुन्या स्वयंपाकघरांत मधोमध मोठे लाकडी टेबल असे आणि त्याभोवती नोकरचाकर काम करत. पुढे नळ, गॅस आणि पक्की कपाटे भिंतींना लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी उपनगरांतली घरे ऐसपैस झाली, स्वयंपाकघराची भिंत पाडून ते दिवाणखान्याला जोडले गेले, आणि मधल्या रिकाम्या जागेत पक्का ओटा उभा राहिला. भरपूर जागा शिल्लक राहिल्याने जी वस्तू जन्मली, ती जागा नसलेल्या घरात सोय म्हणून विकली जाते, हा उलटा प्रकार आहे.

लहान स्वयंपाकघराचा ज्यांनी खरोखर गांभीर्याने विचार केला, त्यांनी काय केले तेही पाहावे. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार स्त्रीने 1926 मध्ये फ्रँकफर्ट शहराच्या नव्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखले. ते 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब होते, म्हणजे जेमतेम 70 चौरस फूट; अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या वसाहतींत बसवली गेली. आगगाडीच्या भोजनडब्यातल्या स्वयंपाकघरापासून तिने धडे घेतले. खिडकीशी उजेडात, बसून काम करता येईल असा कामाचा फळा तिने ठेवला, त्याच्यापुढे फिरते स्टूल आणि भाजीची सालपटे लोटायला कप्पा दिला. दर पावलाचा हिशेब करणाऱ्या त्या आराखड्यात बसण्याला जागा होती आणि मध्ये काहीही नव्हते. त्या स्वयंपाकघरावर पुढे टीका झाली ती ते दोघांना पुरत नाही म्हणून. तिथे जेवायचे टेबलही मावत नव्हते आणि बाई एकटी पडत होती. ती टीका रास्त होती. पण तिचे उत्तर आयलंड नाही, कारण एकटेपणाचा तो दोष आणखी एका ठोकळ्याने वाढतो.

मोठ्या स्वयंपाकघराचेही एक उदाहरण देण्याजोगे आहे. अमेरिकेतल्या पाककलेच्या प्रसिद्ध लेखिका ज्युलिया चाइल्ड यांचे मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावातले स्वयंपाकघर 14 बाय 20 फुटांचे होते. 2001 मध्ये ते जसेच्या तसे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिले गेले. 280 चौरस फुटांत आयलंड सहज मावले असते. चाइल्ड यांनी मधोमध टेबल ठेवले. आणि त्या सहा फूट दोन इंच उंचीच्या असल्याने त्यांनी ओटे नेहमीच्या 36 इंचांऐवजी 38 इंचांचे करून घेतले. काम करणाऱ्याच्या शरीराला अनुसरून ओट्याची उंची ठरवायची, ही साधी गोष्ट त्यांनी पाळली. भारतातल्या आयलंडच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट पाळली जात नाही.

महाराष्ट्रातली पाच फूट उंचीची बाई घेतली तर तिचा कोपर जमिनीपासून साधारण 95 सेंटिमीटरवर येतो. उभ्याने हलके काम करताना, म्हणजे चिरताना, ढवळताना, कामाचा पृष्ठभाग कोपराच्या 10 ते 15 सेंटिमीटर खाली असावा आणि जोर लावण्याच्या कामाला 15 ते 40 सेंटिमीटर खाली असावा, असे कामाच्या शरीरशास्त्राचा अभ्यास सांगतो. या बाईला चिरायला 80 ते 85 सेंटिमीटर उंची योग्य. गवंडी पूर्वीपासून घालत आलेला 32-33 इंचांचा ओटा बरोबर तेवढाच आहे. कणीक मळायला, पोळ्या लाटायला, सोऱ्यातून चकली पाडायला 80 सेंटिमीटरच्या खाली हवे. 36 इंचांचे आयलंड म्हणजे 91 सेंटिमीटर. त्यावर पोळपाट ठेवला की पृष्ठभाग जवळजवळ कोपराच्या पातळीला येतो. खांदे उचलून, दंडांच्या जोरावर लाटावे लागते. वरून शरीराचा भार देता येत नाही. वीस पोळ्यांनंतर खांदे भरून येतात आणि दोष वयाला दिला जातो. टेबल 30 इंचांचे, म्हणजे 75-76 सेंटिमीटरचे असते. मळायला आणि लाटायला उभ्याने तीच उंची नेमकी आहे, आणि खुर्चीवर बसून निवडायला, चिरायलाही तीच. एका पृष्ठभागातून दोन उपयोग निघतात, आणि ओट्याची वेगळी उंची हाताशी राहतेच.

आयलंडही 33 इंचांचे करता येईल, असे यावर म्हटले जाईल. करता येईल. पण मग त्याच्याशी बसायला ना 18 इंचांची खुर्ची चालते ना 25 इंचांचे स्टूल, आणि भिंतीलगतच्या ओट्याच्याच उंचीचा दुसरा ओटा मधोमध घातला एवढेच त्याचे फळ. उंचीतला फरक हाच दुसऱ्या पृष्ठभागाचा खरा लाभ असतो. तो गेला तर मिळवले काय?

आता बसण्याचा मुद्दा. दोनेक पिढ्यांपूर्वीपर्यंत मराठी घरांत स्वयंपाक बसून होत असे. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, परात पुढ्यात. त्यात धूर होता, उकिडवे बसून गुडघे आणि कंबर जात होती, आणि रॉकेलच्या स्टोव्हपाठोपाठ गॅस येऊन शेगडी ओट्यावर चढली तेव्हा बायकांची मोठ्या त्रासातून सुटका झाली. ती सुटका खरी होती. चुलीपुढच्या बैठकीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण शेगडीच्या मागोमाग सगळेच काम ओट्यावर चढले, ज्याला उभे राहण्याची काहीच गरज नव्हती तेसुद्धा. फोडणी उभ्याने द्यावी लागते, तव्याशी उभे राहावे लागते, भांडी उभ्याने घासावी लागतात. मेथी निवडायला, गवार मोडायला, वाटाणे आणि लसूण सोलायला, तांदूळ पाखडून झाल्यावर खडे काढायला, करंज्या भरायला, मोदकांच्या कळ्या काढायला, लाडू वळायला कुणीही उभे राहण्याचे कारण नाही. ही कामे सगळ्यात वेळखाऊ आहेत. गॅसपुढचे काम अर्ध्या तासाचे असले तर त्याच्या तयारीत तासभर जातो. तो तास पायांवर काढायला लावणे हे आजच्या स्वयंपाकघराचे सगळ्यात मोठे वैगुण्य आहे.

घरोघरी या वैगुण्यावर उपाय शोधलेला दिसतो. भाजीची जुडी आणि ताट घेऊन बाई हॉलमध्ये सोफ्यावर बसते, मांडीवर ताट, पायाशी कचऱ्याची पिशवी. किंवा पलंगाच्या कडेवर वर्तमानपत्र पसरले जाते. दिवाळीच्या फराळाला तर अजून जमिनीवरच चटया पडतात आणि साठीच्या बाईला उठताना कुणाचा तरी हात लागतो. स्वयंपाकघरात बसायला जागा नाही म्हणून काम स्वयंपाकघराबाहेर पळते, याचाच हा पुरावा आहे. उंच स्टूल या उणिवेवर उपाय होत नाही. 36 इंचांच्या ओट्याला 24 ते 26 इंचांचे स्टूल लागते. पाच फुटी बाईचे पाय त्यावरून जमिनीला टेकत नाहीत, आणि पाठीला टेका नसलेल्या अरुंद बैठकीवर पाय लोंबकळत ठेवून तासभर शेंगा सोलता येत नाहीत. गुडघे दुखणाऱ्या आजीला तिथे चढताच येत नाही. पाच वर्षांच्या मुलाला तिथे एकटे बसवणे धोक्याचे. ज्यांना बसण्याची सगळ्यात जास्त गरज आहे, त्या म्हाताऱ्या, गरोदर, आजारी आणि लहान माणसांना आयलंड बाहेर ठेवते. टेबल कुणालाच बाहेर ठेवत नाही. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या माणसालाही त्याच्याशी बसून भाजी चिरता येते.

येथेच एकटेपणाच्या युक्तिवादाला उत्तर मिळते. स्वयंपाक करणारी व्यक्ती भिंतीकडे तोंड करून एकटी राबते, ही तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि ती गांभीर्याने घ्यायला हवी. पण आयलंड त्यावर काय देते? एका बाजूला राबणारी व्यक्ती, दुसऱ्या बाजूला स्टुलावर बसून तिच्याशी गप्पा मारणारे घरचे लोक. तोंडे समोरासमोर आली. काम वाटले गेले नाही. स्वयंपाकघरात कुणी मदत करत नाही याची कारणे अनेक आणि जुनी आहेत, ती फर्निचरने जाणार नाहीत. तरीही एक गोष्ट रचनेच्या हातात आहे: मदत करू इच्छिणाऱ्याला बसायला आणि हात चालवायला सोयीची जागा देणे. सासऱ्यांना टेबलाशी बसून वाटाणे सोलता येतात, नवऱ्याला कांदा चिरता येतो, मुलीला एका कडेला अभ्यास करता करता कोथिंबीर निवडता येते. आयलंडवर शेगडी असेल तर फोडणीचे शिंतोडे समोर बसलेल्यांच्या अंगावर उडतात, हे निराळेच.

शेगडी किंवा सिंक मधोमध नेण्याचा सल्ला फ्लॅटमध्ये तर मुळीच मानू नये. सिंकच्या सांडपाण्याच्या नळाला दर चार फुटांमागे सुमारे एक इंच उतार लागतो. डक्ट आठ फुटांवर असेल तर दोन इंच उतार आणि दोन इंचांचा नळ: स्वयंपाकघराची फरशी चार-पाच इंच उचलावी लागते, नाहीतर स्लॅबला भोक पाडून नळ खालच्यांच्या छतातून न्यावा लागतो. पुढे गळती झाली की सोसायटीत वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालतो. सिलिंडरची रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब वापरायची नसते, म्हणून मधल्या शेगडीला फरशीखालून धातूची नळी टाकावी लागते. चिमणी छतातून लोंबती घ्यावी लागते आणि तिची वाट बाहेरच्या भिंतीपर्यंत न्यावी लागते. मिक्सरसाठी विजेचा पॉइंटही फरशीतूनच. ही सगळी तोडफोड करून आणलेले आयलंड अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या बिऱ्हाडाला करताच येत नाही, आणि स्वतःच्या घरात केले तरी घर बदलताना ते मागेच राहते. टेबल टेम्पोत चढते.

सामानाचा मुद्दा उरतो, आणि तो वरवर पाहता आयलंडच्या बाजूने सगळ्यात भक्कम वाटतो. चार बाय दोन बाय तीन फूट म्हणजे 24 घनफूट सामान. पण तेवढेच सामान भिंतीलगतच्या चार फूट रुंद, सहा फूट उंच आणि फक्त एक फूट खोल फडताळात मावते. हे फडताळ जमीन घेते चार चौरस फूट, त्याला चारही बाजूंनी वाट लागत नाही, आणि एक फूट खोलीमुळे डाळी-पिठांचे डबे एकामागे एक न दडता समोर दिसतात. आयलंडच्या दोन फूट खोल कप्प्यात मागे गेलेला डबा पुढच्या दिवाळीपर्यंत सापडत नाही. टेबलाखालची जागाही वाया जात नाही: एका कडेला तांदळाचा डबा, कांद्या-बटाट्यांची जाळी, आणि टेबलालाच एक खण असेल तर सुऱ्या, सोलणी, लाटणे.

टेबलाविरुद्धचे खरे आक्षेप वेगळे आहेत. त्यावर पसारा साठतो, हा पहिला. साठतोच, पण कोणताही सपाट पृष्ठभाग पसारा गोळा करतो, आणि टेबल रोज जेवणासाठी रिकामे करावे लागत असल्याने तो निदान रोज आवरला जातो. दुसरा आक्षेप, स्वस्त टेबल डगमगते आणि कणीक मळताना सरकते. हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर जाड पायांचे, जोडाला घट्ट टेबल घेणे हेच आहे. काचेच्या वरफळीचे जेवणाचे टेबल या कामाला निरुपयोगी. तिसरा, सहा बाय आठच्या स्वयंपाकघरात टेबलही मावत नाही. तिथे भिंतीला बिजागरीने लावलेली, खालून आधार देऊन उघडायची दीड फूट रुंदीची फळी हाच मार्ग. 30 इंचांवर लावली आणि खाली दोन साधी स्टुले सरकवली की टेबलाचे निम्मे गुण तिच्यात येतात.

चाकांच्या गाडीचाही पर्याय सुचवला जातो, आणि तो टाकाऊ नाही. अमेरिकेतल्या लिलियन गिलब्रेथ या अभियंता स्त्रीने 1929 मध्ये मांडलेल्या आदर्श स्वयंपाकघरात अशी फिरती गाडी होती. वाढप न्यायला, जास्तीची भांडी ठेवायला ती चांगली. पण चाकांवर कणीक मळता येत नाही आणि तिच्याशी गुडघे आत घालून बसता येत नाही. टेबल घेतल्यानंतर जागा उरली तर गाडी घ्यावी. ओट्याचेच एक टोक बाहेर काढून केलेला ब्रेकफास्ट काउंटर आयलंडपेक्षा बरा, कारण त्याची एक बाजू भिंतीला असते आणि एक वाट वाचते. मात्र तो ओट्याच्या उंचीचा न ठेवता 30 इंचांवर उतरवला तरच त्याचा बसून काम करायला उपयोग आहे, आणि तसा उतरवला की ते भिंतीला जोडलेले टेबलच झाले.

आयलंड योग्य कुठे ठरते? जिथे खोली बारा बाय चौदा किंवा त्याहून मोठी आहे, दोघे-तिघे एकाच वेळी काम करतात, आणि बसून करायच्या कामासाठी टेबल वेगळे आहेच, तिथे. कोल्हापूर-नाशिकचे बंगले, न्यू जर्सी किंवा टेक्सासमधली मराठी कुटुंबांची घरे यांत ते शोभते आणि चालतेही. तिथेही टेबल हटवून आयलंड करू नये, दोन्ही असावीत.

टेबल निवडताना उंची 29 ते 30 इंच असावी. वरफळीखालची आडवी पट्टी इतकी खोल नसावी की गुडघे अडतील. जमिनीपासून पट्टीपर्यंत 25 इंच तरी मोकळे हवेत. रुंदी दोन फुटांपेक्षा कमी नको, नाहीतर ताट आणि परात एकावेळी बसत नाहीत. लांबी दोघांना तीन फूट, चौघांना चार. वरफळी सागाची किंवा लॅमिनेट लावलेल्या जाड प्लायवूडची असावी, कडा गोल केलेल्या; काठाला स्क्रूची खवणीही लावता येते. जागा खिडकीजवळची निवडावी, कारण निवडण्या-चिरण्याच्या कामाला उजेड लागतो. वर एक दिवा आणि जवळच्या भिंतीवर मिक्सरचा पॉइंट असला की झाले. ज्यांना अजूनही आयलंडचा मोह आहे, त्यांनी करार करण्याआधी स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने चार बाय दोनचा आयत आखावा, त्यावर तेवढीच खोकी तीन फुटांपर्यंत रचावीत आणि आठवडाभर सगळा स्वयंपाक त्यांना वळसा घालून करावा. फ्रिजचे दार आणि खालच्या ट्रॉल्याही रोजच्यासारख्या उघडाव्यात. मग निर्णय, घरात जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते, तिच्यावर सोपवावा.